चटईवालीचं माप

ठाकूरद्वारच्या नाक्यावरून फणसवाडीच्या अंगाला आत वळलं की ख्रिश्चनांची एक छोटी वाडी लागते. गेल्या वर्षी त्या वाडीत एक गोष्ट कानोकानी फिरली आणि सकाळच्या पावाबरोबर घरोघर पोचली. परळचा लवू हडकर वायरमन म्हणे भर दुपारी चार वाजता म्हाताऱ्या बाप्टिस्टच्या घरात शिरला, जित्याजागत्या माणसाला पलंगावर उताणा निजवला, आणि स्टीलच्या टेपने त्याच्या शवपेटीचं माप घेऊन गेला.

पाहिलं कोणी, तर समोरच्या खिडकीतल्या अंबिकाबाईंनी. मटार सोलत बसल्या होत्या. त्यांनी शेजारणीला एवढंच सांगितलं, "डोळ्यांनी बघितलं. हात असे दोन्हीकडे पसरलेले. लवू ह्या बोटापासून त्या बोटापर्यंत टेप ओढत होता. पेटी रुंद लागणार बाई." संध्याकाळपर्यंत गोष्टीला हातपाय फुटले. पेटी म्हाताऱ्याच्या बहिणीने, जर्ट्रूडने, सांगून ठेवली आहे असं ठरलं. ते पटण्याजोगंही होतं. जी बाई नाताळच्या केकची फळं ऑगस्टात रममध्ये भिजत घालते, ती भावाच्या पेटीला उशीर कशाला करील?

लवूला कोणी तोंडावर विचारलं नाही. विचारलं असतं तरी तो बोलला नसता. त्याचं कारण पुढे येईल. आधी हा लवू म्हणजे काय चीज आहे ते ऐका.

वय अठ्ठावन्न. बाप मालवणहून आला, गिरणीत लागला, गिरणीबरोबर संपला. लवू वायरमन झाला. परळ-लालबागची अर्धी घरं त्याच्या हाताखालून गेली आहेत. कामाला चोख, पण काळजीचं नुसतं पोतं. एखाद्याच्या घरी पंखा बसवून आला की रात्रभर त्याला तो पंखा कोणाच्या तरी ताटात पडताना दिसायचा. दुसऱ्या दिवशी "इकडूनच चाललो होतो" म्हणत तो त्या घरी जायचा, मान वर करून पंखा बघायचा, चहा पिऊन परत यायचा. लोकांना वाटायचं, माणूस चहाचा लोभी आहे.

त्याला नाद एकच. लष्कराच्या गाड्यांची मॉडेलं करायची. जोडायची मॉडेलं बाजारात खोक्यात तयार मिळतात, सगळे भाग कापलेले, आकडे घातलेले. लवू त्यांना हात लावत नाही. "त्यात आपण काय केलं? त्यांनी केलं, आपण चिकटवलं," असं म्हणतो. त्याला सगळं शून्यापासून लागतं. भिंतीवरून वायर नेताना वर जी पांढरी प्लास्टिकची पट्टी मारतात, त्या केसिंगचे उरलेले तुकडे म्हणजे त्याचा पोलादाचा कारखाना. बॉलपेनच्या रिकाम्या रिफिली म्हणजे नळ्या. छत्रीची काडी म्हणजे दांडा. आणि रिव्हेट? खसखस. एकेक दाणा चिमट्याने उचलून गोंदावर ठेवायचा. त्याची बायको मालन घरी ब्लाऊज शिवते. ती म्हणते, "आमच्या घराक वर्षभर खसखशीचो लाडू झालो नाय. सगळी रणगाड्याक लागली."

त्यातही लढाऊ रणगाडे त्याला नकोत. तोफा कोणीही करतं. त्याला आवडायच्या त्या लष्करातल्या कामगार गाड्या. पूल टाकणारी, सुरुंग उकरणारी, चिखलातून दुसऱ्याला ओढून काढणारी. "ह्यांच्यासाठी कोण आरती म्हणत नाय," म्हणायचा.

ह्या गोष्टीच्या दोन वर्षं आधी वाडीत एका घराची बेल दुरुस्त करून निघताना बाप्टिस्टने त्याला हाक मारली. बाप्टिस्ट तेव्हा पंचाहत्तरचा, गुडघे गेलेले, खुर्चीत बसून वाडीवर लक्ष ठेवणारा. ट्यूब मिचमिचत होती. लवू स्टुलावर चढला, आणि भिंतीवरच्या फोटोसमोर तसाच उभा राहिला.

फोटो काळापांढरा, हाताच्या पंजाएवढा. चिखल. चिखलात एक गाडी. खाली रणगाड्यासारखे पट्टे, वर तोफ नाही, घुमट नाही. पुढे दोन लांब लोखंडी हात, आणि त्या हातांत धरलेलं प्रचंड रीळ, त्याला गुंडाळलेली चटई. रिळाच्या अगदी शेजारी एक तरुण ताठ उभा.

"अंकल, हे काय आहे?"

"चटईवाली," बाप्टिस्ट म्हणाला. "आणि तो मी. ड्रायव्हर."

मग पुढचा तासभर ट्यूब तशीच मिचमिचत राहिली. दलदलीत ट्रक रुतायचे. म्हणून कुठल्याशा लष्करी वर्कशॉपात दोन मोडक्या रणगाड्यांचा मिळून एक केला आणि त्याच्यापुढे हे रीळ लावलं. गाडी पुढे जाईल तशी चटई उलगडून तिच्याच पट्ट्यांखाली जायची, आणि मागून ट्रकांची रांग त्या चटईवरून जायची. चटई काथ्याची. काथ्याची म्हटल्यावर लवूचा जीवच त्या गाडीवर बसला. त्याचा आजा मालवणात काथ्या वळायचा.

"अशा किती होत्या?"

"एकच. लढाई संपली, भंगारात गेली. आणि हे मी सांगतो ते ह्या वाडीत एक माणूस मानत नाही. मला काय म्हणतात ठाऊक आहे? कारपेट अंकल."

आतून जर्ट्रूडचा आवाज आला, "मग काय म्हणणार? पन्नास वर्षं तेच सांगतोस!"

जर्ट्रूड भावाहून दोन वर्षांनी मोठी, लग्न न केलेली, उंच, काठीसारखी सरळ. भाऊ सांगतो त्यातलं किती खरं मानावं हे तिने कधीच ठरवलं नव्हतं.

लवूने तिथल्या तिथे ठरवलं, ही गाडी करायची. आणि नेमकी त्याच सुमारास ती मेजर बाई आली. मेजर अपेक्षा. इंजिनियर पलटणीच्या पुण्यातल्या संग्रहालयात जुन्या गाड्यांचं नवं दालन होत होतं, आणि जुन्या जवानांच्या आठवणी गोळा करत ती मुंबईत फिरत होती. बाप्टिस्टचं ऐकून घेतलं, फोटोचा फोटो काढला, लवूचं काम पाहिलं आणि म्हणाली, "काका, ह्या गाडीचा आमच्याकडे नकाशा नाही, नोंद नाही. समितीत दोघं तर म्हणतात, अशी गाडी झालीच नाही, फोटो दुसऱ्याच कसल्या तरी यंत्राचा आहे. तुम्ही मॉडेल करा. आमची सगळी मॉडेलं एकास पस्तीस प्रमाणात आहेत. मापाला पक्कं असेल तर मी समितीपुढे ठेवते. ठेवलं गेलं तर खाली पाटी लागेल, सरांचं नाव लागेल."

बाप्टिस्टने ते ऐकलं. त्या दिवसापासून त्याने रोज दाढी करायला सुरुवात केली. मॉडेल होईपर्यंत दीड वर्ष.

लवूची झोप गेली ती तेव्हापासून. म्हाताऱ्याला आशा लावून बसलो, आता चुकलं तर?

चुकायला जागाही भरपूर होती. एकच फोटो, एकही माप नाही. खालचा रणगाडा धड एका जातीचा असता तर त्याची मापं पुस्तकात मिळाली असती. इथे सगळंच दोन मोडक्यांचं कडबोळं. अशा वेळी मॉडेलवाले काय करतात? फोटोत माहितीची एखादी वस्तू शोधतात. ती केवढी हे माहीत असलं की तिच्या पटीत बाकी सगळं मोजता येतं. ह्या फोटोत माहितीची वस्तू एकच होती, रिळाला खेटून उभा असलेला बाप्टिस्ट.

"अंकल, तुमची उंची किती?" लवूने विचारलं होतं.

"पाच फूट आठ," बाप्टिस्टने फटकन सांगितलं. मेजरबाईंना दिलेल्या लेखी निवेदनातही तेच लिहिलं.

लवूने घड्याळजीचं भिंग लावून फोटोतला माणूस मोजला. बुटाच्या टाचेचा इंच वाढवला, चिखलात रुतला असेल म्हणून तोच इंच कमी केला, आणि त्या माणसाच्या उंचीत सगळी गाडी बसवली. पट्ट्याचे एकशेबेचाळीस तुकडे एकेक करून केसिंगमधून कापले. चटईसाठी खरा काथ्या जाड दिसेना, म्हणून मालनचा चाळीस नंबरचा दोरा चहात बुडवून, फणीच्या दातांवर ताणून विणला. तीन वेळा उसवला. शेवटी शेजारी उभं करायला अंगठ्याएवढा बाप्टिस्ट केला. तो सगळ्यांत अवघड गेला, कारण मिशा.

मॉडेल झालं. एका सोमवारी सकाळी मेजरबाईंचा फोन आला.

"काका, आनंदाची बातमी! जुन्या भांडारातला एक कागद सापडलाय. 'चटई, काथ्याची, रिळावरची, रुंदी अकरा फूट.' गाडीचं नाव नाही, पण चटई तर सापडली! तुमच्या मॉडेलमध्ये चटईची रुंदी किती येते?"

लवूला आकडा पाठ होता. तरी त्याने वळून मॉडेलकडे बघितलं.

"काका?"

"पावणेबारा," तो म्हणाला. "पावणेबारा फूट."

मग मेजरबाई हळू म्हणाल्या, "नऊ इंच म्हणजे खूप होतात. समितीतले ते दोघं ह्याचीच वाट बघतायत. ते म्हणतील, कागदातली चटई वेगळी, फोटोतलं यंत्र वेगळं, आणि गाडी कोणीच पाहिलेली नाही. पुढच्या सोमवारी बैठक आहे. मी रविवारी मॉडेल न्यायला येते. तोवर बघा काय होतंय. नाही जुळलं तर मी हे ठेवू शकणार नाही. एकदा नाकारलं की पुन्हा घेत नाहीत."

लवूने फोन ठेवला आणि मॉडेलवर टेप लावून बघितली. बायको बघत नाही असं बघून पुन्हा लावली. पस्तीसने गुणलं. पावणेबारा. दुपारपर्यंत अकरा वेळा गुणलं. गुणाकार काही दया करीना.

"अवो, जेवान थंड झाला," मालन मशीनवरून म्हणाली. "आता काय झाला? पंखो पडलो कोणाच्या डोक्यार?"

लवूने सांगितलं नाही. सांगायचं काय? मोजणीत चूक नव्हती, हे त्याने दहादा तपासलं होतं. मग उरतं काय? एकतर कागदातली चटई दुसरीच कुठली तरी. किंवा फोटो ज्या गाडीचा आहे ती चटईवाली नव्हेच. किंवा, आणि हा विचार आला तसा लवूने टेप खाली ठेवली, बाप्टिस्ट खोटं बोलतो. वाडी बरोबर आहे. पन्नास वर्षं गप्पा मारणाऱ्या एका माणसाच्या गप्पेला आपण दीड वर्ष खसखशीचे रिव्हेट लावत बसलो. आणि रविवारी सरकारी शिक्का बसणार की गप्पाच होत्या.

मंगळवारी तो बसने ठाकूरद्वारला उतरला. बाप्टिस्टला घोळात घेत घेत विचारलं, गाडी तुम्ही स्वतः चालवली ना? किती दिवस? चटई कुठून यायची?

बाप्टिस्ट मुलाखती देऊन सरावलेला. पण तिसऱ्या प्रश्नाला त्याने मान वळवली. "मिस्त्री, तू बेल दुरुस्त करायला आलास की मला?"

"नाही अंकल, म्हटलं, मापासाठी..."

"तू पण?" बाप्टिस्ट म्हणाला. एवढंच. आणि खुर्ची खिडकीकडे फिरवून बसला.

लवू घरी आला तो न जेवता पडला. मालनने मशीन थांबवलं. नवऱ्याच्या खिशातून फोटोची मोठी केलेली प्रत अर्धी बाहेर आली होती, ती तिने उचलली. दीड वर्ष हा फोटो घरात होता, पण तिने कधी नीट पाहिला नव्हता. तिला गाड्यांत काय रस? आज पाहिला तो तिच्या नजरेने. म्हणजे शिंपिणीच्या.

"ह्यो माणूस किती उंच म्हणालात?"

"पाच आठ."

"कोण म्हणता?"

"तो स्वतःच म्हणतो."

"अवो, ह्यो खिसो बघा खय इलो तो. पोटार! छातीचो खिसो पोटार. आणि बाही बघा, दोनदा दुमडलेली. पाच आठच्या माणसाक असलो सदरो कोण घालीत? सरकारी कपडो ठरल्या मापाचो येता. त्यातल्यात धाकट्या मापात बी ह्यो बुडालो हा." तिने फोटो त्याच्या छातीवर टाकला. "तुमचो अंकल उंच नाय हो. तुमचो अंकल बटण आहे बटण!"

लवू उठून बसला. उलटं गणित मांडलं. चटई अकरा फूट धरली तर शेजारचा माणूस केवढा? आकडा आला. आकडा बराच खाली आला. आणि त्याला आठवलं, बाप्टिस्टला त्याने दोन वर्षांत एकदाही सरळ उभा पाहिलेला नव्हता. सदा खुर्चीत. आणि पलंगाखाली ते जुने बूट, इतक्या जाड टाचेचे, की लवूला वाटायचं लष्कराचेच असतील.

आनंदाने ओरडणार, तोच नवी काळजी आली. लवूची काळजी कधी एकटी येत नाही. "पण आता मोजून काय उपयोग गो? म्हातारपणी माणूस आखडतो. पाठीचे मणके बसतात. आज जी उंची भरेल ती तेव्हाची नव्हेच. मेजरबाई ते धरणार नाहीत."

लवू गुडघ्यावर हनुवटी ठेवून बसला. मग त्याच्या डोळ्यांसमोर आजा आला. काथ्याचा दोर मोजताना आजा टेप घेत नसे. दोन्ही हात पसरायचा, ह्या बोटापासून त्या बोटापर्यंत दोर ताणायचा आणि म्हणायचा, एक वाव. किनाऱ्यावर दोर, जाळी, पाण्याची खोली, सगळं वावेतच मोजतात. आणि लहानग्या लवूला भिंतीला उभं करून आज्याने दाखवलं होतं की धडधाकट माणसाची वाव त्याच्या उंचीएवढी भरते. पाठ वाकते. गुडघे जातात. पण हातांची हाडं आहेत तेवढीच राहतात.

"वाव," लवू म्हणाला. "वाव आखडत नाय."

बुधवारी जर्ट्रूड माहीमच्या चर्चमध्ये नोव्हेनाच्या प्रार्थनेला जाते, दुपारी तीनला निघते ती सहाला येते. लवू चारला पोचला. कालचा राग बाप्टिस्टच्या तोंडावर तसाच होता. लवूने दार लोटलं, टेप खिशातून काढली, आणि बोलायची वाक्यं घोकून आला होता ती सगळी विसरून म्हणाला, "अंकल, उंची खरी सांगा."

बाप्टिस्टचा चेहरा असा झाला की लवूला वाटलं आपण चोरी करताना धरला गेलो. म्हातारा कानापर्यंत लाल.

"पाच आठ लिहिलंय."

"लिहिलंय. पण त्या हिशेबाने चटई जुळत नाय. चटई जुळली नाय तर गाडी नाही, असं म्हणतात ते लोक. अंकल, तुम्ही गाडीबद्दल खोटं बोलला नाहीत ना?"

"गाडीबद्दल?" बाप्टिस्ट ओरडला. "गाडीबद्दल मी एक अक्षर खोटं बोललो असेन तर—" आणि मग त्याचा आवाज एकदम उतरला. बराच वेळ तो पलंगाखालच्या बुटांकडे बघत राहिला. "मला त्या गाडीवर का घेतला माहीत आहे? आत जागा नव्हती. दोन मोडक्या गाड्यांचं इंजिन, गिअरबॉक्स, सगळं आत कोंबलेलं. उंच माणूस बसायचा नाही. साहेबाने सगळ्यांना रांगेत उभं केलं आणि सगळ्यांत शेवटचा उचलला." त्याने बुटांकडे बोट दाखवलं. "वाडीला सांगितलं, लष्करात गेल्यावर वाढलो. चांभाराकडून टाच वाढवून घेतली. चाळीस वर्षं ती टाच घातली, मिस्त्री. गुडघे तिनेच गेले."

लवूला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

"हात पसरा," तो म्हणाला.

खुर्चीत हात पुरे पसरेनात, दोन्हीकडे कपाटं. उभं राहवेना. म्हणून पलंग. लवूने त्याला उताणा निजवला, हात धरून हळूहळू दोन्हीकडे ताणले. उजवा खांदा कुरकुरला, बाप्टिस्टने दात आवळले. टेप दोनदा सुटून परत गुंडाळली गेली. आकडा आला. त्याने उलट्या बाजूने पुन्हा घेतला. तोच आला. मालनने खिशावरून ओळखला तसा माणूस ठेंगणाच निघाला, आणि कागदातल्या चटईवरून व म्हाताऱ्याच्या बोटांवरून, दोन्हीकडून तोच आकडा. तो आकडा आत्ताच सांगत नाही. कारण तिथेच, हात पसरलेल्या अवस्थेत, बाप्टिस्टने लवूला शपथ घातली.

"वाडीत एका माणसाला कळता कामा नये. तुझ्या आईची शपथ घे. कशाचं माप घेतलंस ते तू बोलायचं नाहीस. कधीच नाही."

लवूने घेतली. शपथ घेताना समोरची खिडकी उघडी आहे हे त्याच्या ध्यानात आलं नाही.

शुक्रवारी जर्ट्रूडचा फोन. "हडकर, तू मी नसताना माझ्या भावाला निजवून माप घेतलंस? कशाचं?"

"आंटी, ते... सांगता येत नाय."

"सांगता येत नाय? मग मी सांगते. ह्या दारात पुन्हा पाय ठेवलास तर तुझंच माप घ्यावं लागेल!"

आता पाहा लवूची अवस्था. मॉडेल चुकलेलं नव्हतं. बाप्टिस्टची उंची चढवून धरल्यामुळे अख्खं मॉडेल थोडं मोठं झालं होतं, पण सगळीकडे सारखं मोठं. म्हणजे गाडी बरोबर, प्रमाण तेवढं चुकीचं. ते एकास पस्तीस नसून एकास बत्तीस पूर्णांक सात भरत होतं. पण हे सिद्ध करायला खरी उंची सांगायला हवी. सांगितली तर म्हाताऱ्याची शपथ मोडते. न सांगितली तर म्हाताऱ्याची गाडी जाते. शनिवारभर तो एका दुरुस्तीला गेला नाही. मालनने ताट वाढलं, ताट परत उचललं.

रविवारी तो टॅक्सीने निघाला. खोकं मांडीवर, आणि प्रत्येक खड्ड्याला तो झाकण उघडून रिव्हेट बघत होता. वाडीच्या तोंडाशी मेजरबाई भेटल्या, त्यांना बघून जर्ट्रूडला दार उघडावं लागलं. मिसा सुटून लोक परतत होते. लष्कराची बाई, लवू आणि हातात लांबट खोकं, हे पाहून वाडीचे पाय आपोआप मंदावले. अंबिकाबाई खिडकीत होत्याच.

आत टेबलावर मॉडेल ठेवलं. मेजरबाई वाकून बघत राहिल्या. जर्ट्रूडही बघायला लागली, राग विसरून, त्या अंगठ्याएवढ्या मिशांकडे. मग मेजरबाईंनी बारीक मापं घ्यायचा व्हर्निअर काढला आणि चटईला लावला.

"एकास पस्तीसने पावणेबाराच येतायत, काका."

"पस्तीस नाय मॅडम," लवू म्हणाला. "बत्तीस पूर्णांक सात आहे."

"कशावरून?"

लवूने वळून पाहिलं. बाप्टिस्ट खुर्चीत बसून त्याच्याकडे एकटक बघत होता.

"काका, समितीला कारण लागेल. चटई अकरा यावी म्हणून तुम्ही प्रमाण बदललंत, असंच म्हणतील. दुसरा काही पुरावा आहे?"

"आहे. पण... मला बोलता येत नाय."

"मग मला नेता येणार नाही," मेजरबाई म्हणाल्या. कठोरपणे नाही, पण म्हणाल्या. त्यांनी व्हर्निअर पिशवीत ठेवला आणि खोक्याचं झाकण हातात घेतलं.

जर्ट्रूड एकदा लवूकडे, एकदा फोटोतल्या ताठ पोराकडे, एकदा पलंगाखालच्या बुटांकडे बघत होती. ती बाई शहात्तर वर्षं त्या भावाच्या डोक्यावरून खिडकीबाहेर बघत आली होती. तिच्या ध्यानात यायला किती वेळ लागणार? "अस्सं," ती म्हणाली. "बुधवारी हे माप होतं होय! मॅडम, थांबा, मी सांगते—"

"जर्टी, गप!" बाप्टिस्ट म्हणाला.

त्याने हात पुढे केला.

"पेन दे."

जर्ट्रूडने पेन दिलं. बाप्टिस्टने चर्चच्या पत्रकाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहायला घेतलं. एका ओळीला त्याला जेवढा वेळ लागला तेवढ्यात माणूस अर्ज लिहितो. खाली सही केली, नंबर घातला, पलटणीचं नाव घातलं. कागदाच्या दोन घड्या केल्या आणि मेजरबाईंच्या हातात दिला. "निवेदनात आहे ते खोडा. हे खरं. मोजून घेतलंय. पण मोठ्याने वाचू नका."

मेजरबाईंनी मनातच वाचलं. फोनवर आकडेमोड केली. मग पिशवीतून फोटोची प्रत काढून, ती बघत पुन्हा केली. लवू त्यांच्या अंगठ्याकडे बघत उभा होता.

"अकरा फूट," मेजरबाई म्हणाल्या. "अर्ध्या इंचाचा फरक नाही. सर, तुमची गाडी होती."

"होतीच," बाप्टिस्ट म्हणाला आणि खुर्ची खिडकीकडे फिरवली. बराच वेळ त्याला नाक शिंकरावं लागलं.

लवू मात्र जिन्यावर जाऊन बसला. आणि बसल्या बसल्या त्याला वाटायला लागलं, पुण्यापर्यंतच्या रस्त्यावर रिळाचा डावा हात निखळला तर?

नाही निखळला. समितीत ते दोघं कुरकुरले, पण गाडी ठेवली गेली. दालनात सगळ्या मॉडेलांखाली एकास पस्तीस असं लिहिलेलं आहे, फक्त चटईवालीखाली एकास बत्तीस पूर्णांक सात. बघणारे ते वाचून चक्रावतात. त्याखाली ड्रायव्हरचं नाव आहे.

वाडीला पाटीचं कळलं, कारपेट अंकल म्हणणं बंद झालं, पण पेटीची गोष्ट काही मेली नाही. उलट जोर चढला. बाप्टिस्टने सरकारी बाईपुढे कागदावर लिहून सही केली, घडी घातली, वाचू नका म्हणाला, हे अंबिकाबाईंनी खिडकीतून पाहिलंच होतं. आधी माप, मग मृत्युपत्र! एकदा त्यांनी धीर करून जर्ट्रूडला गाठलं. "खरं का गो, पेटी सांगितलीस?"

"सांगितली," जर्ट्रूड म्हणाली. "तुझं पण माप घ्यायला पाठवू का त्याला?"

तेव्हापासून त्या वाडीत लवूला कोणी कामाला बोलवत नाही. ट्यूब गेली तर अंधारात बसतील, पण टेपवाला नको. लवू शपथेला बांधलेला, त्याने आजवर तोंड उघडलेलं नाही. शपथ लवूने घेतली होती. आम्ही नाही.

तर खरं काय ते असं. त्या बुधवारी लवू हडकरने बाप्टिस्टची उंची मोजली. ती पाच फूट साडेतीन इंच भरली.